मानसशास्त्राची पहिली उजळणी: आधी पुस्तक मिटा

प्राथमिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम एकदा वाचून झाला, आता उजळणी करायची, असं म्हटलं की बहुतेक जण पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडतात. हातात रंगीत पेन असतं, पानं भराभर उलटतात आणि प्रत्येक ओळीला ‘हो, हे माहीत आहे’ असं वाटत जातं. मग परीक्षेत ‘ऋण प्रबलन उदाहरणासह स्पष्ट करा’ एवढाच प्रश्न येतो आणि पेन थबकतं. नवख्या विद्यार्थ्यांची ही उजळणी मी बरीच वर्षं घेत आले आहे. या मुलांनी कष्ट भरपूर घेतलेले असतात, म्हणून ते पाहताना फार वाईट वाटतं.

असं का होतं याचं उत्तर याच विषयात आहे. समोर दिसलेली गोष्ट ओळखणं म्हणजे प्रत्यभिज्ञा, आणि समोर काहीच नसताना ती मनातून बाहेर काढणं म्हणजे प्रत्यावाहन. पुन्हा वाचताना सराव होतो तो ओळखण्याचा. परीक्षा मागते आठवणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी ज्यांची चाचणी झाली त्यांच्यात पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर ज्यांची चाचणी झाली त्यांच्यात मात्र पारडं फिरलं: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ५६ वर. खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या एका निष्कर्षावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कोरा कागद

एक प्रकरण निवडा. पुस्तक आणि वही दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटं लावा आणि त्या प्रकरणातलं जे जे आठवेल ते कागदावर उतरवा: संज्ञा, नावं, प्रयोग, अर्धवट व्याख्या, काहीही. क्रम नको, अक्षर चांगलं नको. तीन-चार मिनिटांत मन रिकामं झाल्यासारखं वाटेल. तिथे उठू नका, कारण खरं काम त्यानंतरच्या मिनिटांत होतं.

मग पुस्तक उघडा आणि राहिलेलं व चुकलेलं वेगळ्या रंगाच्या शाईने भरा. ही दुसरी शाई म्हणजे तुमची उजळणीची यादी. पहिल्या शाईत जे नीट उतरलं आहे त्यावर आज वेळ घालवू नका.

दुसरी पायरी: सुरुवात संशोधन पद्धतींपासून

हे प्रकरण रुक्ष म्हणून मागे टाकलं जातं. माझा आग्रह उलट आहे, कारण पुढच्या प्रत्येक प्रकरणात प्रयोग आहेत आणि प्रयोग वाचता आला नाही तर फक्त नावं पाठ होतात.

एक प्रश्न घ्या: कमी झोपेने स्मरणावर परिणाम होतो का? निम्म्या लोकांना आठ तास झोपू दिलं, निम्म्यांना चार. सकाळी सर्वांना तीस शब्दांची यादी दिली आणि किती आठवले ते मोजलं. संशोधकाने स्वतः बदललेली गोष्ट म्हणजे झोपेचे तास, तो स्वतंत्र परिवर्तक. मोजलेली गोष्ट म्हणजे आठवलेले शब्द, तो परतंत्र परिवर्तक. ‘स्मरण’ हा धूसर शब्द ‘तीसपैकी आठवलेले शब्द’ इतका मोजता येण्याजोगा केला, ती कार्यकारी व्याख्या. यापुढे कुठलाही प्रयोग समोर आला की ‘काय बदललं? काय मोजलं?’ हे दोन प्रश्न आधी विचारा.

इथे दोन सारख्या दिसणाऱ्या संज्ञा फसवतात. यादृच्छिक निवड ठरवते की अभ्यासात कोण येणार; तिच्यामुळे निष्कर्ष मोठ्या लोकसंख्येला लावता येतो. यादृच्छिक विभागणी ठरवते की आलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात जाणार. तिच्यामुळे कार्यकारणभाव सांगता येतो. एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही.

सहसंबंधाबद्दल दोनच गोष्टी घट्ट धरा. सहसंबंध गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो आणि चिन्ह फक्त दिशा सांगतं, म्हणून उणे ०.८ हा अधिक ०.५ पेक्षा बळकट सहसंबंध आहे. दुसरं, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. मुलांच्या पावलांची लांबी आणि शब्दसंग्रह यांत सहसंबंध सापडेल, पण पाऊल शब्द शिकवत नाही. दोन्ही वयाबरोबर वाढतात. असा लपलेला तिसरा परिवर्तक शोधायची सवय लागली की हे प्रकरण झालं.

इतिहास आणि मेंदू: कथा धरा, तपशील मागे येतील

इतिहासाला एक संध्याकाळ पुरे. विल्हेम वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली, तिथून स्वतंत्र शास्त्र म्हणून मोजणी सुरू होते. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या ग्रंथात मन कशासाठी उपयोगी पडतं हे विचारलं. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मन बाजूला ठेवून दिसणाऱ्या वर्तनावर बोट ठेवलं. सालांपेक्षा त्या त्या विचारधारेची नजर महत्त्वाची. एकच उदाहरण, समजा परीक्षेची भीती, सगळ्यांना देऊन पाहा. वर्तनवादी विचारेल की भीती आधी कोणत्या अनुभवाशी जोडली गेली. बोधनिक मानसशास्त्रज्ञ विचारेल की विद्यार्थी स्वतःशी काय म्हणतो. जैविक बाजू हृदयाचे ठोके आणि संप्रेरकं पाहील. मानवतावादी विचारेल की या मुलाचा स्वतःकडे बघण्याचा दृष्टिकोन कसा आहे. मनोविश्लेषणवादी अबोध संघर्ष शोधेल. पाच परिच्छेद लिहा, प्रकरण संपलं.

मेंदूच्या भागांची नुसती नावं घोकली तर ती चार दिवसांत गळतात. प्रत्येक भागाला एक माणूस जोडा. पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ मध्ये एक रुग्ण आला, ज्याला बोललेलं समजत होतं पण स्वतः जवळजवळ एकच अक्षर उच्चारता येत होतं. त्याच्या डाव्या अग्रखंडातला इजा झालेला भाग म्हणजे ब्रोका क्षेत्र. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये उलट चित्र मांडलं: ओघवतं पण निरर्थक बोलणं आणि आकलनात बिघाड, इजा शंखखंडात. ही जोडी एकत्रच पाठ करा. फिनियस गेज यांच्या अग्रखंडातून १८४८ मध्ये लोखंडी कांब आरपार गेली आणि त्यांचा स्वभाव बदलला, हे तुम्ही वाचलं असेल. पुढे त्यांनी चिलीमध्ये घोडागाडी हाकण्याचं काम काही वर्षं केलं, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. मेंदू बऱ्यापैकी सावरू शकतो याचं ते दर्शक आहे, म्हणून तो तपशील गाळू नये असं मला वाटतं.

चेतापेशीची आकृती मात्र हाताने काढायचीच: शाखिका, पेशीकाय, अक्षतंतू, शेवटची टोकं. बाणाने संदेशाची दिशा दाखवा. चेतापेशीच्या आत विद्युत संदेश, दोन पेशींमधल्या फटीत रासायनिक संदेश, हे वाक्य आकृतीखाली लिहून ठेवा.

वेदन आणि संवेदन यांसाठी घनाची साधी रेषाकृती काढा, बारा रेषांची. टक लावून पाहिलं की पुढची बाजू मागे आणि मागची पुढे येते. डोळ्यावर पडणाऱ्या रेषा बदलल्या नाहीत; वेदन तेच राहिलं. मेंदूने लावलेला अर्थ बदलला; संवेदन बदललं. एवढ्याने फरक कायमचा लक्षात राहतो.

अध्ययन: इथे घाई करू नका

माझ्या अनुभवात सर्वाधिक गुण इथे जातात. गोंधळ उकलायला तीन-चार प्रश्न पुरतात, म्हणून ते सविस्तर सांगते.

अभिजात अभिसंधान आधी. इव्हान पावलॉव्ह पचनक्रियेचा अभ्यास करत होते, १९०४ चं नोबेलही त्यांना त्यासाठीच मिळालं. कुत्र्यांची लाळ अन्न तोंडात पडण्याआधीच सुटते, हे त्यांनी नोंदवलं आणि त्याचा पाठपुरावा केला. आता चार संज्ञा ओळखायच्या तर पहिला प्रश्न असा: काहीही न शिकता कोणत्या गोष्टीने कोणती प्रतिक्रिया येते? दातांच्या डॉक्टरकडचं उदाहरण घ्या. दाताला कळ लागली की अंग आपोआप आक्रसतं. ते शिकावं लागत नाही. म्हणजे कळ हा अनभिसंधित उद्दीपक आणि आक्रसणं ही अनभिसंधित प्रतिक्रिया. यंत्राचा आवाज सुरुवातीला नुसता आवाज होता. कळेबरोबर तो वारंवार ऐकल्यावर पुढच्या वेळी आवाजानेच अंग आक्रसतं. आवाज झाला अभिसंधित उद्दीपक, आणि आवाजाला आलेलं आक्रसणं ही अभिसंधित प्रतिक्रिया. दोन्ही प्रतिक्रिया दिसायला सारख्या असू शकतात. नाव ठरतं ते ती कशामुळे आली यावरून.

विलोपन म्हणजे पुसून टाकणं, असं लिहू नका. आवाज अनेकदा कळेविना आला तर प्रतिक्रिया मंदावते, पण काही काळ मध्ये गेल्यावर ती पुन्हा डोकावते. याला उत्स्फूर्त पुनरागमन म्हणतात. जुनं शिकणं पुसलं गेलं असतं तर ते परतलं नसतं.

साधक अभिसंधानात, म्हणजे परिणामांवरून वर्तन शिकण्यात, बी. एफ. स्किनर यांचे चार प्रकार येतात आणि तिथे मुलं ‘धन’ म्हणजे चांगलं, ‘ऋण’ म्हणजे वाईट असं धरून चालतात. इथे धन-ऋण हे बेरीज-वजाबाकीचं चिन्ह आहे. क्रमाने दोन प्रश्न विचारा. वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग, काही मिळालं की काही काढून घेतलं? मिळालं तर धन, काढून घेतलं तर ऋण. गाडीत पट्टा लावेपर्यंत कर्कश आवाज येत राहतो, पट्टा लावला की थांबतो, म्हणून पट्टा लावण्याचं वर्तन वाढतं. वाढलं आणि काहीतरी गेलं: ऋण प्रबलन. भांडणाऱ्या मुलाचा खेळण्याचा वेळ कापला आणि भांडणं कमी झाली. घटलं आणि काहीतरी गेलं: ऋण शिक्षा.

आणि तिसरा प्रश्न, जो फार थोडे जण विचारतात: वर्तन कोणाचं? मूल खेळण्यासाठी रडतं, वडील खेळणं देतात, रडणं थांबतं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर रडण्याला खेळणं मिळालं, म्हणजे धन प्रबलन. वडिलांच्या बाजूने पाहिलं तर खेळणं दिल्यामुळे त्रासदायक रडणं गेलं, म्हणजे ऋण प्रबलन. एकाच प्रसंगात दोघेही काहीतरी शिकताहेत. असा प्रश्न परीक्षेत आला की ज्याचं वर्तन विचारलंय त्याच्या नावाखाली रेघ मारा, मगच उत्तर लिहा.

प्रबलनाच्या वेळापत्रकांत आणखी एक खाच आहे. गुणोत्तर म्हणजे किती वेळा केलं यावर बक्षीस, अंतर म्हणजे किती वेळ गेला यावर. जुगाराच्या यंत्रात किती खेपांनंतर जिंकाल ते ठरलेलं नाही, पण खेळत राहिलं तरच शक्यता. ते परिवर्ती गुणोत्तर. मोबाइलवर संदेश आला का हे पाहणं अनेक टिपणांत याच रकान्यात टाकलेलं सापडतं. पण तुम्ही दहादा पाहिलंत म्हणून संदेश लवकर येत नाही. तो त्याच्या वेळेला येतो. ते परिवर्ती अंतराच्या जवळचं उदाहरण आहे.

अल्बर्ट बंडुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग इथेच जोडून ठेवा: मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी स्वतःला काही बक्षीस न मिळताही तसंच केलं. निरीक्षणातून अध्ययन.

स्मृती: विषय आणि साधन एकच

संकेतन, साठवण, पुनःप्राप्ती. विसरलेली प्रत्येक गोष्ट या तिन्हींपैकी कुठे अडकली, हे विचारत गेलात तर प्रकरण आपसूक लागतं. दुसऱ्या शाईत आलेला एखादा मुद्दा मुळात लक्षपूर्वक वाचलाच नव्हता का, की जिभेवर येऊन थांबला होता? पहिलं संकेतनाचं अपयश, दुसरं पुनःप्राप्तीचं.

जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अल्पकालीन स्मृतीची मर्यादा सात अधिक-उणे दोन सांगितली; नंतरच्या संशोधनात नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. महत्त्वाचा शब्द आहे गठ्ठे. १९१४१९३९१९६९ हे बारा अंक एकेक करून धरवत नाहीत. पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, चंद्रावरचं पाऊल अशी तीन सालं दिसली की सहज बसतात. गठ्ठा करायला आधीचं ज्ञान लागतं, म्हणूनच वर प्रत्येक मेंदूखंडाला माणूस जोडायला सांगितला.

हेन्री मोलायसन यांची गोष्ट मला या अभ्यासक्रमातली सर्वात हृद्य वाटते. १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पसचे (नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचे) मोठे भाग काढले गेले. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. तरीही आरशात पाहून चांदणीची बाह्यरेषा गिरवण्याचं कौशल्य त्यांना दिवसागणिक अधिक जमत गेलं, आदल्या दिवशी तो सराव केला होता हे अजिबात आठवत नसताना. घटनांची स्मृती आणि कौशल्यांची स्मृती वेगळ्या आहेत, याहून स्पष्ट पुरावा नवख्याला देता येत नाही. २००८ साली त्यांचं निधन झालं, तोवर पाच दशकं ते संशोधकांना सहकार्य करत राहिले.

व्यत्ययाचे दोन प्रकार दिशेवरून ओळखा. जुना पासवर्ड नव्याच्या आड येतो तेव्हा व्यत्यय पुढे जातो: पुरोगामी. नवा पासवर्ड पाठ झाल्यावर जुना आठवत नाही तेव्हा तो मागे जातो: प्रतिगामी. पुस्तकागणिक मराठी प्रतिशब्द थोडे बदलतात, तेव्हा तुमच्या पुस्तकातला शब्द लिहा, पण दिशेचा प्रश्न हाच ठेवा.

आणि एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग. अपघाताची तीच चित्रफीत पाहिलेल्यांना ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ वेग किती होता असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलं तर सुमारे ३२. प्रश्नातल्या एका क्रियापदाने आठवण हलली. इथे ‘काय बदललं, काय मोजलं’ हे दोन प्रश्न लावून पाहा. उत्तर लगेच सुटेल.

उरलेल्या प्रकरणांतल्या फसव्या जोड्या

विकासात झाँ पियाजे यांच्या चार अवस्थांची वयं अंदाजे आहेत, क्रम पक्का आहे. सात्मीकरण आणि समायोजन यांतला फरक असा: कुत्रा ओळखणारं मूल मांजरालाही ‘भूभू’ म्हणतं तेव्हा ते नवी गोष्ट जुन्या साच्यात बसवतं, ते सात्मीकरण. ‘हे भूभू नाही, माऊ’ हे कळून नवा साचा तयार होतो तेव्हा समायोजन.

चाचण्यांत विश्वसनीयता आणि यथार्थता. वजनकाटा रोज न चुकता दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, यथार्थ नाही. बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५, म्हणून ८५ ते ११५ मध्ये सुमारे ६८ टक्के लोक.

सामाजिक मानसशास्त्रात अनुरूपता आणि आज्ञापालन वेगळे ठेवा. सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगात कोणी हुकूम दिला नव्हता. बरोबरीचे लोक रेषेच्या लांबीबद्दल एकमुखाने चूक उत्तर देत होते, आणि अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या बाजूने गेली. सुमारे एक चतुर्थांश लोक एकदाही झुकले नाहीत, हेही लिहा. स्टॅनली मिलग्रम यांच्या प्रयोगात दुसऱ्या माणसाला वाढत्या व्होल्टचे विजेचे धक्के द्यायचे होते आणि अधिकारी व्यक्ती पुढे जायला सांगत होती. मूळ अभ्यासात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या खुणेपर्यंत गेले. खरा विजेचा धक्का कोणालाच बसत नव्हता. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला त्या प्रकारात मात्र शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले. फिलिप झिम्बार्डो यांचा १९७१ चा तुरुंगाचा अभ्यास, ज्यात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी केलं होतं, सहा दिवसांत थांबवावा लागला. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, ही त्यावरची गंभीर टीका आहे. उत्तरात तो आला तर टीकेसह यावा.

मनोविकारांच्या प्रकरणात एक गैरसमज आधी काढा: स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेली दोन व्यक्तिमत्त्वं नव्हे. त्यात भ्रम, भास आणि विचारांतली विस्कळीतता दिसते. आणि लक्षणांची यादी वाचताना प्रत्येक लक्षण स्वतःत दिसायला लागतं, तेव्हा निदानाच्या अटी पुन्हा वाचा: किती काळ, किती तीव्र, रोजच्या जगण्यात किती अडथळा. तरीही मनाला खरंच त्रास होत असेल तर पुस्तकात उत्तर शोधत बसू नका. समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. उजळणी थांबू शकते.

वेळापत्रक आणि पत्ते

दुसऱ्या शाईतल्या मुद्द्यांचे पत्ते करा, एका पत्त्यावर एकच प्रश्न. ‘ऋण प्रबलन’ असं नुसतं नाव लिहू नका. ‘ऋण प्रबलन आणि शिक्षा कोणत्या प्रश्नाने वेगळे होतात?’ असं लिहा. मागच्या बाजूला उत्तर आणि तुमचं स्वतःचं उदाहरण, पुस्तकातलं नको. पत्ता उलटण्याआधी उत्तर मोठ्याने बोला. मनात ‘येतंय’ असं म्हणून उलटलेला पत्ता पुन्हा ओळखण्याच्याच कामाला लागतो.

आज केलेले पत्ते उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने घ्या. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि पुढे संथ होतं. म्हणून पहिली फेरी लवकर, पुढच्या लांब लांब. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या प्रकरणांचे पत्ते एकत्र पिसा. सलग एकाच प्रकरणाचे पत्ते घेतले की उत्तर कोणत्या खणातलं हे आधीच माहीत असतं, आणि परीक्षेत तोच खण शोधायचा असतो. पिसल्यावर पहिले दोन दिवस चुका वाढतील. पद्धत बदलू नका.

सलग तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, न अडखळता आलेला पत्ता बाजूला ठेवा. आदल्या रात्री फक्त उरलेले पत्ते घ्या, ते पंधरा-वीसच्या वर नसावेत, आणि वेळेवर झोपा. झोपेत स्मृती पक्की होते हेही तुमच्याच अभ्यासक्रमात आहे. सकाळी पुस्तक उघडू नका. अर्धा कोरा कागद घ्या आणि सर्वात जास्त छळलेल्या तीन जोड्या न बघता लिहून काढा.